कोयता म्हणजे किती माणसं? ऊसतोडीच्या घरातल्या लग्नांची पार्श्वभूमी

बीडकडचे बालविवाह म्हटलं की "जुनी प्रथा आहे, लोक शिकलेले नाहीत" एवढ्यावर विषय संपवला जातो आणि मला ते दरवेळी खटकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न 18 च्या आत झालेलं निघालं, आणि बीड जिल्ह्यात हाच आकडा 43.7. प्रथा तर सगळ्याच महाराष्ट्रात होती की, मग इथेच दुप्पट कशी? पोरगी कुठल्या घरात जन्मली, त्या घरात ऊसतोड आहे का, हे आधी विचारायला पाहिजे.

लांबचा इतिहास थोडक्यात. 1950 च्या आसपास प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला, तोडायला माणसं लागली. 1972 च्या दुष्काळाने बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येने बाहेर काढली. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, तिकडे नगरचं पाथर्डी, जामखेड. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरायच्या आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटक गाठायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परत. पाण्याची सोय नंतरही झाली नाही आणि जाणं कायमचं झालं.

आता खरा गुंता, "कोयता" या शब्दाचा. बाहेरच्याला वाटतं कोयता म्हणजे हत्यार. मुकादमाच्या, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या वहीत कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. "यंदा किती कोयते नेतोस?" म्हणजे किती जोडपी नेतोस. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, त्याला उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) निम्मी, आणि मुकादम शक्यतो घ्यायलाच बघत नाही, कारण काम जोडीवर बेतलेलं आहे. नवरा बुडातून ऊस तोडतो, बायको वाढं (उसाचा शेंड्याकडचा पाला) छाटते, मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रॉलीत टाकते. फळी म्हणजे एक पाऊल मावेल एवढी, खाली चिखल. यातला एक हात कमी झाला की दुसऱ्याचं कामही अडतं.

वहीत नाव मात्र एकाचंच. नवऱ्याचं नाव, गाव, पुढे "कोयते 1", पुढे उचलीची रक्कम. बायको त्या 1 मध्ये जमा. अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात, राबणारे दोघं. म्हणूनच ऊसतोड कामगार राज्यात किती, हा आकडा 8 लाखांपासून 15 लाखांपर्यंत कुठेही जातो, कारण मोजणारा कोयते मोजतोय की माणसं हेच धड कळत नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला, वाटाघाटी बऱ्याच गाजल्या, पण दर टनाचाच राहिला. जोडीने दिवसाला दीड-दोन टन तोडला तरी त्यातले तिचे किती, याला उत्तर नाही. माझं तर मत आहे की दरापेक्षा या शब्दावर भांडण व्हायला पाहिजे होतं.

तर ज्या घरात कमाईचं माप जोडी हेच आहे, तिथे लग्नाचा हिशोब कसा होतो बघा. पोरगा 17-18 चा झाला, आईबापावर मागची उचल फिटायची राहिलीय, त्याचं लग्न लावलं की घरातून अजून एक कोयता निघतो, नवी उचल मिळते. पोरीच्या बापाची अडचण वेगळी. सहा महिने गावात म्हातारी आजी एकटी, पोरगी वयात आलेली, ठेवायची कुणाच्या भरवशावर? सोबत न्यावी तर फडावर, म्हणजे तोड चालते तिथे, पाचटाची कोपी (झोपडी), दार नाही, संडास नाही. मग दिवाळीआधी उरकून टाकतात. या बापाला मी लोभी म्हणणार नाही, तो घाबरलेला असतो.

लग्नानंतर पहिल्याच हंगामात ती फडावर आणि बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षात मूल. ट्रॉलीच्या खाली साडीची झोळी, त्यात लेकरू, आई पहाटे 4 पासून उसात. एक दिवस काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड कापला जातो, मग बाळंतपण असो की पाळी. विशी-बाविशीत दोन-तीन लेकरं, नसबंदी, आणि पुढचं 2019 मध्ये सगळ्या देशाने वाचलं. सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांपेक्षा जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यावर कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर, खाडा लावणारे मुकादम अशी बरीच चर्चा झाली, ती बरोबरच होती, पण 15-16 व्या वर्षी सुरू झालेलं आईपण त्या चर्चेत मागे पडलं.

कायद्याचं काय, तर 1978 पासून मुलीचं वय 18 आहे, 2006 चा कायदा आणखी कडक आहे, 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने 18 खालच्या बायकोशी संबंध म्हणजे बलात्कार असं स्पष्ट केलं. हे योग्यच आहे. पण याचा फडावरचा एक परिणाम असा की 16 वर्षांची गरोदर पोरगी दवाखान्यात जायलाच घाबरते किंवा वय 19 सांगते, कारण नोंद झाली की पोलीस. 2021 च्या डिसेंबरमध्ये मुलीचं वय 21 करायचं विधेयक लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपली तसं रद्द झालं. ते मंजूर झालं असतं तरी वहीतला कोयता तोच राहिला असता.

त्यामानाने वसतिगृहांचा निर्णय मला कामाचा वाटतो. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ज्या तालुक्यांतून माणसं जातात तिथेच वसतिगृहं काढायचं ठरलं. पोरगी हंगामात गावाकडेच शाळेत राहिली तर बापाची ती भरवशाची अडचण सुटते आणि दहावीपर्यंत तरी लग्न लांबतं. अडचण एवढीच की दोन वर्षांच्या भावाला वसतिगृह घेत नाही. तो आईबरोबर फडावर जातो, त्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे सहावी-सातवीतली बहीणच असते.