केनियाला निघण्यापूर्वी: ईटीए, पिवळे कार्ड आणि मलेरियाची गोळी

मसाई माराच्या सहलीसाठी आमच्याकडे नोंदणी करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न व्हिसाचा विचारतात. खरे तर केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाच बंद केला. त्याऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. पासपोर्टचे माहितीपान, फोटो, हॉटेल आणि विमानाचे बुकिंग अपलोड करायचे आणि कार्डाने पैसे भरायचे, एवढेच काम. निघण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करा म्हणतात; आम्ही दोन आठवडे धरतो, कारण फोटो अस्पष्ट निघाला की अर्ज अडकतो. तान्ह्या बाळाचाही वेगळा अर्ज लागतो. केनियात उतरता त्या दिवसापासून पासपोर्ट पुढे सहा महिने वैध हवा. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी खासगी पाने बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट केई’ आहे ना, ते पाहूनच पैसे भरा.

सहल अडते ती ईटीएवर नाही, पिवळ्या कार्डावर, म्हणजे यलो फीवरची लस घेतल्याच्या दाखल्यावर. हा नियम केनियाचा नाही, आपलाच आहे. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया यलो फीवरच्या लसीचा दाखला मागत नाही, कारण हा आजार भारतात नाही. पण त्याचा प्रसार करणारा एडिस डास, म्हणजे आपला डेंग्यूवाला डास, इथे घरोघरी आहे. बाहेरून विषाणू आला तर त्याला पसरायला वेळ लागणार नाही. म्हणून केनियाहून परतणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर भारतीय विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. विमान कंपन्या बरेचदा जातानाच, मुंबईच्या काउंटरवर, कार्ड मागतात.

नावावरून होणारा घोटाळा आधीच दूर करू. यलो फीवर म्हणजे आपली नेहमीची कावीळ नव्हे. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले असले तरी ते इथे चालत नाहीत. लसही फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन भागत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच ती घ्यावी लागते. यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. जुलै-ऑगस्टच्या सहलीसाठी मे महिन्यातच वेळ घ्या.

कार्ड वैध होते ते दहा दिवसांनी: 1 जुलैला टोचून घेतले तर 11 जुलैपासून. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. 11 जुलै 2016 पासून हा नियम जुन्या कार्डांनाही लागू आहे, त्यामुळे कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली दिसली तरी पुन्हा टोचून घेऊ नका.

केंद्रातून उठण्याआधी कार्ड उघडून वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट आले आहे का? पासपोर्ट क्रमांक, तारीख, लसीचा बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का हे सगळे आहे का? आणि तुमची स्वतःची सही? ही जागा हमखास कोरी राहते. नंतर पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही सोबत ठेवा.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, केमोथेरपी, स्टिरॉइडचे मोठे डोस, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर केंद्रावर आधी सांगा. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रासाची शक्यता, एरवी अगदी विरळ असली तरी, थोडी वाढते. घरातले आजी-आजोबा येणार असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मग तिकीट काढा. लस घेता येत नाही असे डॉक्टरांचे सवलतपत्र नेता येते, पण परतल्यावर निर्णय विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा असतो.

मलेरियावर प्रवाशाच्या कामाची लस नाही, गोळ्याच आहेत. तिथला मलेरिया मुख्यतः फॅल्सिपॅरम जातीचा, जीवघेणा. क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. “आम्हाला लहानपणी होऊन गेलाय” हे संरक्षण नव्हे. डॉक्टर सहसा दोनपैकी एक औषध देतात. ॲटोवाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या आदल्या दिवसापासून रोज एक आणि परतल्यावर सात दिवस: आठ दिवसांच्या सहलीला 16 गोळ्या. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण परतल्यावर 28 दिवस चालू ठेवावी लागते, म्हणजे 37 कॅप्सूल. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. तिच्यामुळे उन्हाने त्वचा लवकर करपते, आणि आठ वर्षांखालील मुलांना व गर्भवतींना ती देत नाहीत. घरी पोचल्यावर गोळ्या सोडून देणे ही सगळ्यात मोठी चूक.

आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर 20 ते 30 टक्के डीईईटी असलेले डास पळवणारे मलम. गडद निळे आणि काळे कपडे नकोत. तिथल्या चावणाऱ्या त्सेत्से माशीला हेच रंग आवडतात, तिचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे करतात. लष्करी छापाचे कपडे केनियात सामान्य माणसाला घालता येत नाहीत. एक स्वेटर मात्र घ्याच. मारा दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पहाटेच्या उघड्या गाडीत दात वाजतात.

आता फराळाचे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात ऑगस्ट 2017 पासून कडक बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत जून 2020 पासून एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकही चालत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा. चिवडा, लाडू स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. विमानतळावरच्या दुकानातली पिशवीही उतरण्याआधी सोडा. पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या आणि लॉजवरच्या पिण्याच्या पाण्याने भरा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानासकट 15 किलो, तेही मऊ बॅगेत.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचे असते. ते पेलाभर पाण्यात घेतले तर क्षार फार होतात आणि लहान मुलांना उलट अपाय होतो. नेहमीची औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या; ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली तर चिठ्ठीशिवाय नकोच. विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे का ते तपासा, कारण मोठी रुग्णालये नैरोबीत आहेत आणि मारापासून तिथवर रस्त्याने पाच-सहा तास लागतात.

परतल्यानंतर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर “पाऊस आहे, व्हायरल असेल” म्हणून घरी थांबू नका. गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पहिले वाक्य “केनियाहून आलोय” हेच बोला. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त द्या.