प्राण्यांच्या आवाजाची ध्वनिवैशिष्ट्यं

रेकॉर्ड केलेल्या आवाजातून जे आकडे काढून प्राण्याची जात किंवा हाकेचा प्रकार ओळखतात ती ध्वनिवैशिष्ट्यं, बोलताना सगळे नुसतं 'फीचर' म्हणतात. हाकेची लांबी, दोन हाकांमधलं अंतर, मूळ वारंवारता (स्वराची सगळ्यात खालची), हार्मोनिक (तिच्या पटीतल्या वरच्या वारंवारता), बँडविड्थ (हाक व्यापते तो वारंवारतेचा पट्टा) ही नेहमीची. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे खिडकीत मोबाइल ठेवला तरी कळतं कुठलं कधी लागतं. तांबटाचं टुक् टुक् स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाचं चित्र, आडवी वेळ, उभी वारंवारता) एकाच उंचीवर ओळीने ठिपके काढल्यासारखं उमटतं, तिथे मोजायचं ते अंतर, कोकिळाची कुहू मात्र चढती रेघ आणि पुढची कुहू आधीपेक्षा वर, म्हणून तिथे चढ मोजायचा. तळाची जाड पट्टी ट्रॅफिकची, ती फिल्टरने कापतात (सोसायटीचा पंप चालू असेल तर सरळ परत रेकॉर्ड करावं).

हे चित्र काढणारं यंत्र, स्पेक्ट्रोग्राफ, १९४० च्या दशकात बेल लॅबमध्ये माणसाच्या बोलण्यासाठी बनला, पक्ष्यांवर तो प्राणिशास्त्रज्ञ थॉर्प यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजला वापरला. यात एक अडचण कायमची आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगवर (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने) २५६ नमुन्यांची विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली तर वेळ साधारण ६ मिलिसेकंदांपर्यंत नेमकी कळते पण वारंवारता १७२ हर्ट्झच्या टप्प्यांनी, १०२४ घेतले की बरोबर उलटं, ४३ हर्ट्झ आणि २३ मिलिसेकंद.

सगळ्यात जास्त वापर एमएफसीसीचा (मेल-फ्रीक्वेन्सी सेप्स्ट्रल कोइफिशंट, स्पेक्ट्रमचा एकूण आकार थोडक्या आकड्यांत सांगणारं फीचर), आणि वादही त्याच्याच जन्माचा. श्रेय बहुतेक ठिकाणी डेव्हिस-मर्मेलस्टीन यांच्या १९८० च्या पेपरला देतात, पण खुद्द मर्मेलस्टीन कल्पनेचं श्रेय ब्रिडल आणि ब्राउन यांच्या १९७४ च्या कामाला देतात, तेव्हा १९८० हे प्रसाराचं साल धरलेलं बरं. त्यातला सेप्स्ट्रम (स्पेक्ट्रमच्या लॉगचा परत काढलेला स्पेक्ट्रम) १९६३ चा, बोगर्ट, हीली आणि टुकी यांचा, तोही प्रतिध्वनी शोधायला काढलेला, नावात 'स्पेक्ट्रम'ची सुरुवातीची अक्षरं मुद्दाम उलटी केलीयत. मेल पट्टी तर १९३७ ची, माणसाच्या कानाला स्वर किती उंच वाटतो त्यावरून बेतलेली. म्हणजे माकडाला किंवा बेडकाला ती लागू पडेलच असं काही नाही, तरी क्लासिफायरमध्ये (जात ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालून जाते म्हणून वापरतात.

आणखी एक फीचर फॉर्मंट, म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या वारंवारता, त्यांवरून काही सस्तन प्राण्यांच्या शरीराच्या आकाराचा अंदाज येतो.

वटवाघळांची गोष्ट वेगळी. ४४.१ वर फार तर २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचंच पकडता येतं, आणि रस्त्याच्या दिव्याभोवती किडे पकडणाऱ्या छोट्या वटवाघळांच्या हाका त्याच्या बऱ्याच वर असतात, त्यांना १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्झचा रेकॉर्डर लागतो. झाडावर उलटी लटकून भांडणारी मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनीवर उडतच नाहीत, त्यांचा कलकलाट मोबाइलवर आरामात येतो.