नवीन कॅमेरा बॉडी येतेय म्हणे, थांबू का?
(आमच्या ग्राहकांसाठी माहिती, जानेवारी २०२५)

सध्या काउंटरवर आणि फोनवर एकच प्रश्न येतो : "जास्त मेगापिक्सेलची फुल-फ्रेम येतेय म्हणे, आत्ता घेऊ की थांबू?" (फुल-फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, आणि सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप.) एकाला समजावून सांगेपर्यंत मागे नुसतं मेमरी कार्ड घ्यायला आलेले तिघं ताटकळतात. म्हणून हे छापून ठेवलंय.

अंदाज बांधण्यात गैर काही नाही, चहा पिताना आम्हीही बांधतो. सोनीच्या ए७आर मालिकेत २०१३ ला ३६ मेगापिक्सेल होते, २०१५ ला ४२, २०१७ ला परत ४२, २०१९ ला ६१ आणि २०२२ ला परत ६१. तेव्हा पुढच्या खेपेला आकडा वाढेल असं म्हणायला जागा आहे. शंभरीही अशक्य नाही. फुजीच्या एक्स-टी५ मध्ये एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरवर ४० मेगापिक्सेल बसतात. तितक्याच दाटीने फुल-फ्रेम भरला तर आकडा नव्वदीच्या पुढे जातो. सेन्सरचं काम बरंचसं कापडाच्या ताग्यासारखं आहे, वीण तीच ठेवून माप वेगळं कापायचं. ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम आणि फुजीचा १०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट (फुल-फ्रेमहून मोठा सेन्सर), दोन्हींत पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच आहे.

पण कंपनीला जमतं म्हणून ती ते काढेलच असं नाही. कॅननने २०१५ मध्येच ५० मेगापिक्सेलचा ५डीएस काढला होता. २०२० ला आर५ आला तो ४५ चा. मग त्याचा जास्त मेगापिक्सेलचा भाऊ येणार, येणार म्हणून किती दिवस चर्चा चालली! जुलै २०२४ मध्ये आर५ मार्क टू आला, तोही ४५ चाच. वाढला तो वेग. निकॉननेही डी८५० पासून झेड७, झेड९, झेड८ पर्यंत ४५.७ चा आकडा धरून ठेवलाय. कारण सरळ आहे. पिक्सेल वाढले की सेन्सर वाचून काढायला वेळ लागतो, आणि सायलेंट शटरवर (पडदा न हलता नुसत्या सेन्सरने फोटो काढताना) नाचणाऱ्यांचे हातपाय वाकडे येतात, हॉलच्या एलईडी लाइटचे पट्टे उमटतात. लग्नांचे फोटो काढणाऱ्याला ते परवडत नाही.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढलं ती. नवीन बॉडी हातात येण्याआधी जुनी विकू नका.

"नवीन जाहीर झाली की जुनीचा भाव पडेल" या धास्तीने लोक नुसत्या चर्चेवर चालू बॉडी काढून टाकतात. भाव उतरतो हे खरं. पण मधल्या काळात ऑर्डर आली की धावत आमच्याकडे येतात : भाड्याने द्या. आणि मुहूर्त काय तुमच्या एकट्याचा असतो? त्या तारखेला सगळ्यांकडेच लग्न, आमच्या भाड्याच्या बॉड्या महिनाभर आधी लागलेल्या. मिळाली तरी चार-पाच लग्नांच्या भाड्यात, भाव पडून जेवढं नुकसान झालं असतं तेवढं सहज जातं. शिवाय मॉडेल जाहीर झालं म्हणजे माल आला असं नाही. झेड९ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला, आणि मागणी एवढी आली की पुरवठ्याला उशीर होईल म्हणून निकॉनलाच दिलगिरी व्यक्त करावी लागली.

म्हणूनच जाहीर न झालेल्या मॉडेलचं टोकन आम्ही घेत नाही. काही जण नाराज होतात, दुसरीकडे घेतात म्हणतात. घेत असतील. ज्या वस्तूची किंमत आणि तारीख आम्हाला माहीत नाही तिचे पैसे गल्ल्यात ठेवून रोज "आली का?" ऐकण्यात आम्हाला रस नाही.

एक्सचेंजचा भावही फोनवर सांगत नाही, त्यावरूनही कुरबुर असते. शटर काउंट (बॉडीने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) कमी असला म्हणजे बॉडी चांगली असं आता राहिलेलं नाही. आम्ही एफ१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढतो आणि लेन्सकॅप लावून दुसरा. पहिल्यात धूळ दिसते. ती साफ होते. पण वरातीत डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये गेला असेल तर फोटोभर एक बारीक रंगीत रेघ जाते, आरपार. ती कशानेही निघत नाही. बऱ्याचदा मालकाला ती आमच्याच मॉनिटरवर पहिल्यांदा दिसते.

मेगापिक्सेल खरंच किती लागतात? अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल मागतं. २४ मेगापिक्सेलची बॉडी ६००० बाय ४००० देते. पान भरून उरलं. एकच फोटो १२ बाय ३६ च्या पूर्ण स्प्रेडवर पसरवायचा असेल तेव्हा २४ तोकडे पडतात, तिथे ४५ किंवा ६१ चा फरक दिसतो. दागिने, साड्यांचे कॅटलॉग करणारे, पक्ष्यांचे फोटो कापून मोठे करणारे, यांनीही जास्त मेगापिक्सेलची बॉडी जरूर घ्यावी. मात्र ६१ ची अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, न दाबलेली मूळ फाइल) १२० एमबीच्या आसपास जाते. लग्नाचे चार हजार क्लिक म्हणजे जवळजवळ ५०० जीबी. कार्ड, हार्ड डिस्क आणि डिझायनरचा पीसी, सगळ्यांचा खर्च त्यात धरा. बॉडीसोबत आलेली जुनी किट लेन्स लावून "फोटो सॉफ्ट येतात" ही तक्रार घेऊन येणारेही बरेच आहेत. निम्म्यांना बॉडीआधी लेन्स बदलायला हवी होती, आणि चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते.

ठरत नसेल तर ४५ किंवा ६१ ची बॉडी एक दिवस भाड्याने न्या, तुमच्याच लेन्सवर चालवा. महिन्याभरात आमच्याकडून खरेदी केलीत तर ते भाडं बिलातून वजा करू.

एक्सचेंजला येताना मूळ जीएसटी बिल, चार्जर आणि दोन्ही बॅटऱ्या आणा. तपासणीला अर्धा तास लागतो. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, तेव्हा काउंटरवर फक्त भाड्याच्या किट दिल्या जातात.