लेक हाउसचे ७५ टक्के

कोलंबोतल्या बेरा तलावाजवळ ‘लेक हाउस’ नावाची जुनी इमारत आहे. इंग्रजी ‘डेली न्यूज’ आणि ‘संडे ऑब्झर्व्हर’, सिंहली ‘दिनमिन’, तमिळ ‘तिनकरन’ ही त्या घरची वर्तमानपत्रं. श्रीलंकेत सत्तेवर कोणीही असो, ही वर्तमानपत्रं सरकारची री ओढतात. विरोधात असेपर्यंत प्रत्येक पक्ष त्यावर तोंडसुख घेतो आणि सत्ता मिळाली की तोच विषय बासनात गुंडाळतो.

समूह उभा केला तो डी. आर. विजेवर्धने यांनी. केंब्रिजला शिकलेले, बॅरिस्टर झालेले, पैसेवाल्या घरातले. १९१४मध्ये त्यांनी ‘दिनमिन’ विकत घेतलं, १९१८मध्ये ‘डेली न्यूज’ काढलं, १९२३मध्ये जुनं ‘ऑब्झर्व्हर’ही घेतलं आणि १९२६मध्ये ‘असोसिएटेड न्यूजपेपर्स ऑफ सिलोन’ ही कंपनी स्थापन केली. १९५०मध्ये ते गेले. पुढे कारभाराची सूत्रं जावई एस्मंड विक्रमसिंघे यांच्याकडे आली. हे सगळं गोतावळ्यातलं प्रकरण होतं: युनायटेड नॅशनल पार्टीचे (यूएनपी) जे. आर. जयवर्धने हे विजेवर्धन्यांचे सख्खे भाचे आणि रानिल विक्रमसिंघे हे एस्मंड यांचे चिरंजीव. त्यामुळे लेक हाउस म्हणजे यूएनपीचं मुखपत्र, हा डाव्यांचा आणि श्रीलंका फ्रीडम पार्टीचा आरोप हवेतला नव्हता. आज सरकारी ताब्याबद्दल हळहळणारे अनेकजण हा भाग सोयीने विसरतात.

फ्रीडम पार्टीच्या पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके यांनी पहिला घाव १९६४मध्ये घालायचा ठरवला. लेक हाउस ताब्यात घेण्याचं विधेयक आलं आणि त्यांच्याच पक्षात फूट पडली. ३ डिसेंबर १९६४ रोजी सभागृहनेते सी. पी. डिसिल्वा १३ सहकाऱ्यांना घेऊन उठले आणि विरोधी बाकांवर जाऊन बसले. राजसिंहासनाच्या भाषणावरच्या (म्हणजे सरकारचं धोरण मांडणाऱ्या अभिभाषणावरच्या) मतदानात सरकार एका मताने पडलं. वर्तमानपत्राच्या मालकीवरून सरकार गडगडल्याची उदाहरणं जगात फारशी नसावीत.

१९७०मध्ये बाई प्रचंड बहुमताने परतल्या. आता एका मताची धास्ती उरली नव्हती. १९७३च्या खास कायद्याने कंपनीचे ७५ टक्के शेअर सरकारच्या वतीने ‘पब्लिक ट्रस्टी’ या अधिकाऱ्याच्या नावावर गेले. कायद्याची भाषा मात्र राष्ट्रीयीकरणाची नव्हती. एका घराण्याच्या मुठीतली मालकी सैल करून ती लोकांत पसरवायची, असा हेतू सांगितला होता. म्हणजे शेअर ट्रस्टीकडे राहणार ते तेवढ्यापुरतेच. (त्याच काळात आपल्याकडे इंदिरा गांधींचं सरकारही वर्तमानपत्रांची मालकी विखुरण्याचा मसुदा घेऊन बसलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.) लोकांना शेअर विकण्याची वेळ कधी आलीच नाही. ट्रस्टी कागदावरचा मालक, संचालक मंडळ सरकारच्या मर्जीतलं आणि संपादक त्या मंडळाच्या हाताखालचा. संपादकाला मंत्र्याने रोज फोन करायचीही गरज नाही. निवडणुकीनंतर कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसतं, एवढ्यावरूनच खाली सगळ्यांना समजायचं ते समजतं.

खरी परीक्षा १९७७मध्ये होती. जयवर्धने निवडून आले, मामाची कंपनी परत करायला सहा भागांपैकी पाच भाग संसद हातात होती. त्यांनी परत केली नाही. विजेवर्धन्यांचे चिरंजीव रणजित यांनी १९७९मध्ये ‘विजेया’ हा वेगळा समूह काढला. ‘डेली मिरर’ आणि आजचं ‘संडे टाइम्स’ त्यातलेच. रानिल पुढे अनेकदा पंतप्रधान झाले, २०२२मध्ये राष्ट्राध्यक्षही झाले. आजोबांचं लेक हाउस सरकारकडेच राहिलं.

ही वर्तमानपत्रं सत्तेच्या खेळात नेमकी कुठे बसतात, ते २६ ऑक्टोबर २०१८च्या रात्री उघड्यावर आलं. राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी रानिल यांना पंतप्रधानपदावरून काढून महिंद राजपक्षे यांना शपथ दिली. त्यानंतर काही तासांतच राजपक्षे समर्थक सरकारी वाहिन्यांच्या कार्यालयांत घुसले. लेक हाउसही त्यांच्या गटाच्या हाती गेलं. मंत्रिमंडळ बनायच्या आधी छापखाना आणि स्टुडिओ! १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सिरिसेना यांनी मधल्या काळात काढलेला संसद बरखास्तीचा आदेश घटनाबाह्य ठरवला, १६ तारखेला रानिल पुन्हा पंतप्रधान झाले. दोन महिन्यांच्या आत लेक हाउसवरचा ताबा दोनदा फिरला.

सप्टेंबर २०२४मध्ये जुन्या पक्षांना बाजूला सारून अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. विजेवर्धने, बंडारनायके, राजपक्षे यांपैकी कोणत्याच घराण्याशी त्यांचं नातं नाही. १९७३चा कायदा त्यांनाही आयता मिळाला आहे.