मागे फिरायची वेळ खालीच ठरवावी लागते

एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी पडतो तो हवेचा दाब. १९८१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतील क्रिस पिझो यांनी तो माथ्यावर प्रत्यक्ष मोजला. पाऱ्याचे जेमतेम २५३ मिलिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश! छाती भरून श्वास घेतला तरी रक्तात फार थोडा ऑक्सिजन उतरतो.

२००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीने हे रक्तातच तपासले. माथ्यावरून उतरताना ८,४०० मीटरवर त्यांनी ऑक्सिजनचे मुखवटे काढले आणि मांडीतल्या धमनीतून एकमेकांचे रक्त घेतले. शेर्पांनी ते नमुने दोन तासांच्या आत ६,४०० मीटरवरच्या कॅम्पात पोहोचवले. चौघांच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर निघाला. निरोगी माणसात तो खाली ९०-१०० च्या आसपास असतो. इतका कमी आकडा एखाद्या रुग्णात दिसला, तर त्याला तातडीने अतिदक्षता विभागात हलवतील. हे चौघे मात्र कित्येक आठवडे उंचीवर राहून सरावले होते, म्हणून पायांवर उभे होते.

उभे राहता येते, पण नीट विचार करता येतोच असे नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के, ऑक्सिजनच्या खर्चात मात्र सुमारे २० टक्के. तो उपाशी राहिला की हिशेब चुकतो, आणि चुकतोय हे कळतही नाही. ‘पुढे जावे का?’ हा प्रश्न ८,५०० मीटरवर स्वतःला विचारण्यात मला म्हणूनच फारसा अर्थ दिसत नाही. अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही तर परत फिरायचे, हे खालच्या कॅम्पातच ठरवून ठेवतात ते याचसाठी. सिलिंडरमधला ऑक्सिजन आणि उतरणीसाठी उरणारा उजेड यांचा मेळ घालून ती वेळ काढतात.

वेळ ठरवूनही ती पाळणे किती अवघड, हे १० मे १९९६ रोजी दिसले. न्यूझीलंडचे रॉब हॉल अतिशय अनुभवी म्होरके. दुपारी एक, फार तर दोन, ही त्यांचीच मर्यादा होती. आदल्या वर्षी त्यांच्या तुकडीतले गिर्यारोहक डग हॅन्सन यांना त्यांनी माथ्याच्या अगदी जवळून परत फिरवले होते. या वेळी त्याच हॅन्सनसाठी ते चारच्या सुमारापर्यंत माथ्यावर थांबले. संध्याकाळी वादळाने गाठले आणि दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एकूण आठ जण गेले. मला यात निव्वळ ऑक्सिजनची कमतरता दिसत नाही. एकदा हुकलेले शिखर पुन्हा हुकू नये, ही ओढही त्यात होती. त्याच दिवशी हॉल यांच्याच तुकडीतले तिघे मात्र सकाळी साडेअकराच्या सुमारास घड्याळ पाहून मागे फिरले आणि वाचले.

१९२१ ते २००६ या काळातील एव्हरेस्टवरच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८,००० मीटरच्या वर दगावलेल्यांपैकी बहुतेक जण उतरताना गेले होते. माथ्यावर उशिरा पोहोचणे, अतोनात थकवा, गोंधळलेले बोलणे, तोल जाणे ही लक्षणे त्यांच्यात पुन्हा पुन्हा आढळली. सोबत्याला ‘बरा आहेस ना?’ विचारले तर तो हो म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. त्यापेक्षा त्याची पावले बघावीत. सपाट जागीही ती वाकडी पडत असतील, तर त्याच्या मेंदूला सूज येत असू शकते. मग घड्याळात कितीही वाजलेले असोत, त्याला एकटे न सोडता खाली आणायचे.