कंटिन्युअस डायजेस्टर : लाकडाच्या ढलप्यांचा अखंड शिजणारा लगदा

लाकडाच्या ढलप्या (मिलमध्ये सगळे चिप्सच म्हणतात) रसायनात शिजवून त्यांचा कागदासाठी लगदा करायचं उंच पोलादी भांडं म्हणजे कंटिन्युअस डायजेस्टर. वरून चिप्स सतत आत येत राहतात, खालून शिजलेला लगदा सतत बाहेर पडत राहतो, आणि पुढच्या शटडाऊनपर्यंत रात्रंदिवस हेच चालू असतं. मोठ्या मिलमधलं भांडं 60 मीटरच्या वर उंच असतं. खोके, पिशव्या, वह्या, टिश्यू यांतला नवा लाकडी तंतू आज बहुतेक क्राफ्ट पद्धतीने तयार होतो आणि नव्या मोठ्या मिलमध्ये ते काम बहुतेक वेळा याच यंत्रावर होतं.

लाकडात साधारण पाव भाग लिग्निन असतं. ते सेल्युलोजच्या तंतूंना एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवतं, म्हणून झाड ताठ उभं राहतं. कागदाला फक्त तंतू हवेत, म्हणून लिग्निन विरघळवायचं, पण तंतूंना शक्य तितका कमी धक्का लावून. क्राफ्ट पद्धतीत हे काम व्हाइट लिकर करतं, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांचं गरम द्रावण. नुसत्या कॉस्टिकनेही लिग्निन सुटतं पण हळू, आणि तोवर तंतूंची वाट लागते. सल्फाइड सोबत असलं की काम लवकर होतं आणि कागद मजबूत निघतो. जर्मन केमिस्ट कार्ल डाल यांनी हे 1879 मध्ये डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्डान्स्क) शोधलं. म्हणजे रसायनशास्त्र तेव्हाच हातात होतं. पुढची साठेक वर्षं अडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि या यंत्राचं खरं मोठेपण मला तिथेच वाटतं.

तोवर सगळीकडे बॅच डायजेस्टर होते, आजही पुष्कळ ठिकाणी आहेत. तो सरळ प्रेशर कुकरच: चिप्स भरा, लिकर घाला, झाकण लावा, वाफेने 170 डिग्रीपर्यंत तापवा, शिजलं की खालचा व्हॉल्व उघडा की प्रेशरने सगळं टाकीत जाऊन आदळतं. चांगला लगदा निघतो, पण भांडं दरवेळी थंड-गरम होतं, वाफेची मागणी कधी एकदम चढते कधी एकदम पडते, आणि एका लाइनला सहा-आठ भांडी ठेवावी लागतात. अखंड शिजवायचं तर 10 बारच्या आसपास प्रेशर असलेल्या भांड्यात ओबडधोबड लाकडाचे तुकडे न थांबता ढकलायचे, तेही प्रेशर बाहेर निसटू न देता. द्रव असता तर पंप लावला असता, चिप्सना काय लावणार?

हे कोडं सोडवलं योहान रिख्टर यांनी. जन्म नॉर्वेतला, 1901 चा, आणि काम स्वीडन-नॉर्वेच्या कामिर कंपनीत. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्यांचे प्रयोग सुरू झाले, मधे महायुद्ध आलं, आणि 1940 चं दशक संपता संपता स्वीडनमध्ये फेंगर्सफोर्सच्या मिलमध्ये पहिलं यंत्र धंद्यासाठी चालू झालं. नंतर कितीतरी वर्षं जगभरच्या मिलमध्ये कंटिन्युअस डायजेस्टरला सरळ 'कामिर' म्हणायची पद्धत पडली.

त्यांच्या उत्तराचं नाव हायप्रेशर फीडर. जाड पोलादी घरात एक रोटर मिनिटाला थोडेच फेरे घेत फिरतो आणि त्यात आरपार भोकं आहेत, त्यांना पॉकेट म्हणतात. पॉकेट उभं असतं तेव्हा वरच्या नळीतून चिप्स लिकरसोबत त्यात उतरतात, खालच्या जाळीतून लिकर निघून जातं आणि चिप्स अडकून राहतात. रोटर पाव फेरा फिरला की तेच पॉकेट आडवं होतं आणि आता त्याची दोन्ही तोंडं डायजेस्टरच्या प्रेशरच्या लाइनला जोडली जातात, पंपाचं लिकर एका बाजूने घुसून चिप्स दुसऱ्या बाजूने उडवतं आणि थेट भांड्याच्या माथ्यावर नेऊन सोडतं. एक पॉकेट भरत असताना दुसरं रिकामं होत असतं, त्यामुळे प्रवाह तुटत नाही. रोटर किंचित निमुळता केलेला आहे, झिजून फट पडली की तो थोडा आत सरकवायचा, फट पुन्हा बंद. वाळू-खडे आले की हीच फट खरवडते, म्हणून चिप्स आधी धुतलेले बरे. अलीकडच्या काही प्लांटमध्ये फीडर काढून एकामागे एक खास पंप लावतात, पण पन्नासेक वर्षं या धंद्याचा भार या एका रोटरने उचलला.

फीडरच्या आधी चिप्सना वाफ देतात आणि हे काम साधं दिसलं तरी इथेच बरंच काही ठरतं. लाकडाच्या पोकळ्यांत हवा असते, ती वाफेने हाकलली नाही तर लिकर आत शिरत नाही आणि चिप्स भांड्यात तरंगतात, आणि तरंगणारे चिप्स खाली सरकणार कसे? भांड्यात ढवळायला काही नाही, चिप्सचा पूर्ण उंचीचा खांब स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरत असतो. वरच्या भागात साधारण 110-120 डिग्रीला लिकर मुरतं, खाली लाकूड आणि पद्धत बघून 140 ते 170 पर्यंत तापमान नेऊन शिजवणं, त्याच्याही खाली उलट दिशेने वर येणाऱ्या धुण्याच्या लिकरने धुलाई. भिंतीतल्या जाळ्यांमधून लिकर ओढायचं, हीटरमधून गरम करायचं आणि मधल्या पाइपने परत आत सोडायचं, असं तापमान सांभाळतात. चिप्सचा मुक्काम कित्येक तासांचा असतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की पूर्ण शिजलेला चिपसुद्धा तळाशी पोचतो तेव्हा दिसायला चिपच असतो, आकार तोच, फक्त आत धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. बाहेर पडताना प्रेशर उतरतं तेव्हा त्याचे तंतू सुटे होतात. त्याआधी तळाला थंड लिकर देऊन तापमान 100 च्या खाली आणतात, कारण गरमागरम सोडलं तर तंतूंची ताकद जाते.

ऑपरेटरची डोकेदुखी म्हणजे हा खांब. कधी तो अडकतो, कधी लिकर एकाच बाजूने वाट काढतं आणि अर्धे चिप्स कच्चे राहतात. याचं मूळ पुष्कळदा चिप्समध्येच सापडतं. अल्कली (लिकरमधला कॉस्टिक) लाकडात सगळ्या बाजूंनी शिरते, म्हणून लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची: साधारण 25 मिलिमीटर लांब आणि 3 ते 8 मिलिमीटर जाड चिप चांगला, त्याहून जाड असला की गाभा कच्चा, आणि भुसा जास्त असला की जाळ्या बुजतात. चिप्सच्या चाळण्यांवर पैसे वाचवणारी मिल ते पैसे पुढे ब्लीचिंगमध्ये (लगदा पांढरा करण्यात) घालवते, हे माझं ठाम मत आहे.

किती शिजलं ते कप्पा नंबरवरून कळतं, म्हणजे लगद्यात उरलेलं लिग्निन किती परमँगनेट खातं त्याचा आकडा, त्याला 0.15 ने गुणलं की लिग्निनची टक्केवारी साधारण येते. ब्लीच करायचा पाइनचा लगदा आधी 30 च्या आसपास काढायचे, निलगिरीसारख्या लाकडाचा 15 ते 20. वेळ आणि तापमान एकाच आकड्यात धरायला व्रूम नावाच्या संशोधकाने 1957 मध्ये एच-फॅक्टर दिला. पुढे स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की सगळी अल्कली सुरुवातीलाच ओतण्यापेक्षा वाटून वाटून दिली आणि शेवटाकडे विरघळलेलं लिग्निन कमी ठेवलं तर तंतू कमी खराब होतात, आणि 1980 च्या दशकापासून डायजेस्टर त्या हिशोबाने बदलले. बॅचमध्येही लिकर बदलत शिजवायच्या पद्धती आल्या, पण इथे नुसत्या जाळ्यांच्या जागा आणि पाइप बदलून हे साधतं.

लाकडाचा निम्माच भाग लगदा होतो, उरलेला काळ्या लिकरमध्ये, म्हणजे वापरून काळ्या पडलेल्या लिकरमध्ये, विरघळून जातो. ते आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, तळाशी सोडियम कार्बोनेट आणि सल्फाइडचा वितळलेला रस उरतो, तो पाण्यात विरघळवून चुना घातला की परत व्हाइट लिकर. 95 टक्क्यांहून जास्त सोडियम असं फिरत राहतं, आणि ही फेरी नसती तर क्राफ्ट परवडलंच नसतं. उग्र वास येतो तो मिथाइल मरकॅप्टनसारख्या गंधकाच्या वायूंचा. ते नाकाला अब्जात काही भाग असले तरी कळतात, म्हणून आता गोळा करून जाळतात. गरम अल्कलीत पोलादाच्या वेल्डला चिरा पडतात, त्यामुळे शटडाऊनमध्ये भांड्याची आतून तपासणी टाळायची नसते. 15 एप्रिल 2020 ला अमेरिकेत मेन राज्यातल्या जे गावच्या मिलमध्ये डायजेस्टर फुटला, चिप्स आणि लिकरचा पाऊस पडला, सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आपल्याकडे कच्चा माल वेगळा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर बल्लारपूरची मिल वाढली; बांबूत सिलिका जास्त, ती काळ्या लिकरमधून येऊन आटवायच्या यंत्रांत थर धरते आणि चुना पुन्हा भाजून वापरणं अवघड करते. आता मिलवाले निलगिरी आणि सुबाभूळही घेतात. उसाच्या चिपाडाला किंवा गव्हाच्या काडाला उभं भांडं चालत नाही, ते हलकं आणि लवकर शिजणारं. त्यांच्यासाठी आडव्या नळ्या असतात, आत स्क्रू माल पुढे सरकवतो आणि दहा-वीस मिनिटांत लगदा तयार होतो. दुसरं टोक म्हणजे ब्राझीलमध्ये रिबास दो रिओ पार्दोला सुझानो कंपनीची 2024 मध्ये सुरू झालेली मिल, निलगिरीची एकच लाइन, वर्षाला 25.5 लाख टन लगदा.