शिबिर केलं म्हणजे एनएसएस झालं?

दरवर्षी जुलैत नवी मुलं कॉलेजात आली की कट्ट्यावरचा ठरलेला सल्ला त्यांच्या कानावर पडतो: ‘एनएसएसला नाव दे, सात दिवस शिबिराला जाऊन ये, सर्टिफिकेट खिशात.’ सीनियरांकडून ज्युनियरांकडे हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. तो अर्धाच खरा आहे.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ती 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. हिशोब तासांचा आहे. वर्षाला 120 म्हणजे दोन वर्षांत 240 तास नियमित काम, आणि त्याशिवाय दत्तक गावातलं सात दिवसांचं विशेष शिबिर. शिबिराचे दिवस या 240 तासांत धरत नाहीत, आणि गफलत होते ती नेमकी इथेच.

मग तास भरतात कसे? वृक्षारोपण, रक्तदान शिबिरातली नोंदणी, मतदार जागृती, गणेशविसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करणं. काम झालं की डायरीत तारीख, तास आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही. ही सही त्याच आठवड्यात घ्या. मार्चमध्ये स्टाफरूमबाहेर कोऱ्या डायऱ्या घेऊन उभी राहिलेली रांग बघवत नाही, आणि सरांनाही जूनमधलं काय आठवणार!

हे कार्यक्रम अधिकारी म्हणजे कॉलेजातलेच प्राध्यापक. साधारण शंभर स्वयंसेवकांच्या एका युनिटची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्यामुळे नाव द्यायला उशीर केला तर जागा भरलेल्या असू शकतात.